मिस फिलोमिनाची परीक्षा

ऑफिसचे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. कपाटात जुन्या चार्जरच्या वायरी साठतात ना, तसे साठतात ते. एक दिवस टाकून द्यायचं ठरवून एक वायर ओढावी, तर तिच्यामागे चार निघतात आणि कपाट आहे तसंच बंद करावं लागतं.

आमचं तिघांचं हेच होतं. देशपांडे आता मिशिगनला ट्रॉयमध्ये असतो, वाघमारे ओहायोत डब्लिनला, आणि मी अजून जर्सी सिटीतच आहे. दोन-तीन महिन्यांतून एकदा आमचा कॉल होतो. आधी ग्रीन कार्डाचं कुठवर आलं, पोरांच्या शाळा, कोणाचे आई-बाबा कधी येणार. मग कोणीतरी "आठवतं का यार" म्हणतं आणि बेटाचे किस्से सुरू होतात. पोट दुखेपर्यंत हसतो. पण ते किस्से कुठे जाऊन थांबणार हे तिघांनाही माहीत असतं, त्यामुळे हसू हळूहळू आटत जातं. शेवटी वाघमारे म्हणतो, "चला, ठेवतो मी," आणि ठेवतो.

तुम्हाला आज सगळे ओळीनं सांगते. हसायचं तिथे हसून घ्या.

* * *

दोन हजार तीन-चारची गोष्ट. आमची कंपनी ऑनलाइन कोर्स बनवायची. देशपांडे पुण्याचा, टीम लीड. वाघमारे नागपूरचा, कोड लिहायचा. मी वर्ध्याची, टेस्टिंग करायचे आणि कोणी अडलं तर फोनवर मदतही मीच. तिघंही एच-वन व्हिसावर. म्हणजे प्रोजेक्ट आहे तोवर आपण आहोत, एवढं साधं गणित.

एका सकाळी आमचा मॅनेजर रॉन डोनट घेऊन आला. रॉननं डोनट आणले की एकतर नवा प्रोजेक्ट आलेला असायचा, नाहीतर कोणाची तरी नोकरी गेलेली असायची. त्यामुळे तो काय बोलतो ते ऐकेपर्यंत कोणी डोनटला हात लावत नसे. त्या दिवशी प्रोजेक्ट होता. कॅरिबियन समुद्रातला एक चिमुकला देश, आणि तिथल्या सगळ्या शिक्षकांना ऑनलाइन ट्रेनिंग द्यायचं.

देशाचं नाव सांगत नाही. देशपांडेनं भिंतीवरच्या नकाशात टाचणी लावली, तर देश टाचणीच्या डोक्याखाली गेला. "चला, अख्खा देश कव्हर झाला," तो म्हणाला.

रिक्वायरमेंटच्या नवव्या पानावर एक ओळ होती. प्रत्येक शिक्षकानं वर्षअखेरीच्या आत कोर्स करून ऑनलाइन परीक्षा पास व्हायची. नापास झाला तर त्याची शाळा काढून घेणार. ती ओळ आम्ही तिघांनीही वाचली होती आणि डोनट खाल्ले होते.

* * *

देशपांडेला वेळ वाचवायचा ध्यास. आमच्याकडे अमेरिकन शाळांसाठी बनवलेला एक जुना कोर्स पडून होता. त्यानं तोच उचलला, 'अमेरिका' असेल तिथे त्या देशाचं नाव घातलं, फोटोंमध्ये नारळाची झाडं टाकली, झालं. दोन महिन्यांचं काम अकरा दिवसांत.

पहिल्याच धड्यात आलं, 'बर्फवृष्टीच्या दिवशी शाळा बंद करण्याची पद्धत'. खाली नारळाचं झाड.

मी टेस्टिंगला होते, मला हे दिसायला नको का? दिसलं नाही. मी बटणं चालतात का ते बघत होते. बटणं व्यवस्थित चालत होती.

कोर्स सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी पहिली ईमेल आली. देशाच्या मुख्य बेटापासून दूर एक बारकंसं बेट आहे, तिथल्या एकशिक्षकी शाळेच्या बाईंची. मिस फिलोमिना. लिहिलं होतं, "मी एकतीस वर्षं शिकवते आहे. इथे अजून बर्फ पडलेलं नाही. पण धडा वाचून काढला आहे, पडलं तर माझी तयारी आहे. आभारी आहे."

तिरकस लिहिलंय की मनापासून, यावर आमची जेवणाची पूर्ण सुट्टी वाद घालण्यात गेली. पुढे कळलं, मनापासूनच होतं. त्या बाई सगळंच मनापासून करायच्या, आणि तिथेच घात झाला.

* * *

दर मंगळवारी त्यांचा मला फोन यायचा. तेवीस मुलं, चार इयत्ता, एक खोली आणि एकट्या बाई. शाळा सुटली की त्या कॉम्प्युटरपुढे बसायच्या. बेटावर फोनची लाइन एकच, शाळेला आणि दवाखान्याला मिळून. इंटरनेटही त्याच लाइनवर. म्हणजे मला फोन करायचा तर आधी इंटरनेट तोडायचं, आणि नेट तोडलं की स्क्रीनवर काय अडलंय ते दिसणार नाही.

"मग तुम्ही मला एवढं नेमकं कसं सांगता?" मी एकदा विचारलं.

"वहीत आहे ना," बाई म्हणाल्या.

त्या प्रत्येक स्क्रीन वहीत उतरवत होत्या. शब्द न् शब्द. वर उजव्या कोपऱ्यात 'हेल्प' असं बारीक लिहिलेलं असायचं, तेसुद्धा. मी म्हटलं, बाई, अहो हे सगळं कॉम्प्युटरमध्ये राहतं, लिहायची गरज नाही. त्या म्हणाल्या, "राहत असेल. पण मुलांनी न लिहिता नुसतं बघितलं तर मी त्यांना ओरडते. मग मीच कशी नुसतं बघू?"

मला त्यांचा आवाज आवडायला लागला होता. इथे मला दिवसभरात नावानं हाक मारणारी माणसं तीन-चार, आणि त्यातल्या एक त्या होत्या. मंगळवारी मी डबा लवकर उरकून फोनपाशी बसायचे. देशपांडे चिडवायचा, "आली का तुझी मावशी लाइनवर?"

* * *

महिन्याच्या मीटिंगमध्ये देशपांडेनं रिपोर्ट लावला आणि रॉन उठून उभाच राहिला. त्या बारक्या बेटावरून अख्ख्या देशात सगळ्यात जास्त वेळा लॉगिन होत होतं. एका महिन्यात एकसष्ट वेळा. रॉन म्हणाला, "हीच आपली आदर्श विद्यार्थिनी." कंपनीच्या न्यूजलेटरमध्ये मिस फिलोमिनाचं नाव छापून आलं, वर टाळ्या वाजवणारे दोन हात.

मीटिंग संपल्यावर वाघमारे माझ्या डेस्कपाशी आला. "सुनीता, मी लॉग पाहिला. बाई एकसष्ट वेळा आल्या ना, तर एकसष्ट वेळा पहिला धडाच सुरू केलाय त्यांनी."

भानगड अशी होती. वीस मिनिटं माउस हलला नाही की आमची सिस्टिम माणसाला बाहेर काढायची. आणि परत आलात की पुन्हा पहिल्या स्क्रीनपासून. जिथे सोडलं तिथून पुढे, ही सोय केलेलीच नव्हती, ती फेज टूमध्ये, म्हणजे कामाच्या दुसऱ्या टप्प्यात येणार होती. मुख्य बेटावरचे शिक्षक न वाचता नेक्स्ट, नेक्स्ट करत अर्ध्या तासात धडा उडवायचे, त्यांना काही त्रास नव्हता. बाई एकेक स्क्रीन वळणदार अक्षरात उतरवायच्या. लांब स्क्रीनला वीसच्या वर मिनिटं लागायची. मान वर करून बघावं, तर मशीननं बाहेर काढलेलं.

एकसष्ट वेळा, आणि तक्रार एकदाही नाही. त्यांना वाटत होतं मशीन उजळणी करून घेतंय.

* * *

आम्ही दोघं देशपांडेकडे गेलो. त्यानं शांतपणे डॉक्युमेंट उघडलं. "काय लिहिलंय? वीस मिनिटं. सही कोणाची? त्यांच्या शिक्षण मंत्रालयाची. आता बदल करायचा तर चेंज रिक्वेस्ट पाहिजे. फेज टूमध्ये घेऊ."

"फेज टूपर्यंत त्या बाईची शाळा जाईल," वाघमारे म्हणाला.

"आणि न विचारता बदललं तर आपल्या कॉन्ट्रॅक्टचं रिन्युअल जाईल. माझी बायको सातव्या महिन्यात आहे यार. मी काय करू, सांग तू."

खोटं नव्हतं ते. वाघमारे अगदी हळू बोलला. "शिकायला बसलेल्या माणसाला मधूनच उठवायचं म्हणजे काय, हे आमच्या घरात माहीत आहे लोकांना. माझ्या आजोबांना उठवलं होतं. तेव्हाही कोणीतरी नियमच दाखवला असंल."

देशपांडे लालबुंद झाला. त्यानं डॉक्युमेंट बंद केलं.

दुसऱ्या दिवशी वाघमारेनं गुपचूप वीसचे दोनशे केले. मला सांगितलं, देशपांडेला नाही. मिस फिलोमिनानं दहा दिवसांत कोर्सचे चारही धडे पूर्ण केले. मंगळवारी फोनवर म्हणाल्या, "तुमचं मशीन आता माझ्यावर खूश दिसतंय." मी हो म्हटलं. त्या दिवशी मी आणि वाघमारे जर्नल स्क्वेअरला जाऊन जिलेबी खाऊन आलो.

अकराव्या दिवशी नवी रिलीज गेली. देशपांडेनं त्याच्याकडचा जुना कोड वर चढवला आणि दोनशेचे परत वीस झाले. त्यानं मुद्दाम केलं का? तो आजही नाही म्हणतो, आणि मी ते मानते. पण बाईंचे पूर्ण झालेले चार धडे त्यात पुसले गेले.

त्या फोनवर एवढंच म्हणाल्या, "हरकत नाही. वही आहे."

* * *

मग परीक्षा आली. साठ प्रश्न, एक तास, आणि वर्षातून एकच संधी. ही एकच संधीसुद्धा आमच्याच डॉक्युमेंटमध्ये होती. बाईंनी सगळा अभ्यास वहीवरून केलेला. दवाखान्यातल्या नर्सला आदल्या दिवशी जाऊन सांगून ठेवलं होतं, उद्या दहा ते अकरा फोन उचलू नकोस.

आम्ही इकडे लॉग उघडून बसलो होतो. वाघमारे, मी, आणि कॉफी हातात धरून मागे उभा राहिलेला देशपांडे. एकेक उत्तर पडत होतं. तेरावं बरोबर, चौदावं बरोबर. बर्फाचा प्रश्न अजून तसाच होता, तोही बरोबर. सत्तेचाळीस झाले तेव्हा देशपांडेच म्हणाला, "एक्केचाळीस बरोबर आहेत. पासिंगला बेचाळीस लागतात. एक आणखी हवा."

आणि लाइन तुटली. आमची सिस्टिम अशी, की परीक्षेत लाइन तुटली की पेपर रद्द. स्क्रीनवर शून्य आलं.

तासाभरानं बाईंचा फोन. दम लागलेला होता, पण आवाजात आनंद. दवाखान्यात एक बाई अडली होती. डॉक्टर मुख्य बेटावर, आणि नर्सला फोन लागत होता. नर्स दारात येऊन नुसतीच उभी राहिली, मागायला तिला धीर होईना. बाईंनी स्वतः उठून वायर काढून दिली.

"मुलगी झाली," मला म्हणाल्या. "दोघी छान आहेत. बरं, माझे किती आले?"

मी त्यांना म्हटलं, बघून सांगते. माझ्यासमोर शून्य होतं आणि मी म्हटलं, बघून सांगते.

देशपांडेनं त्या दिवशी पहिल्यांदा नियम बाजूला ठेवला. त्यानं स्वतः मंत्रालयाला फोन केला, अर्धा तास बोलला, एक्केचाळीस बरोबर होते म्हणून सांगितलं. पलीकडचा अधिकारी म्हणाला, "पण सिस्टिम तर शून्य म्हणते. आणि सिस्टिमवर विश्वास ठेवा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना?"

त्यानंतरचा मंगळवार रिकामा गेला. त्याच्या पुढचाही.

* * *

आता शेवटचा. हा आम्ही कॉलवर एकमेकांना कधीच सांगत नाही.

टेस्टिंगसाठी खोटे शिक्षक तयार करावे लागतात. टेस्ट वन, टेस्ट टू, एबीसी एक्सवायझेड, काहीही. वेगळा टेस्ट सर्व्हर फेज टूमध्ये येणार होता, म्हणून आमची ही खोटी माणसं खऱ्या सिस्टिममध्येच राहत होती. मला एबीसी टाकायचा कंटाळा यायचा. म्हणून मी एकदा माझ्या चौथीच्या बाईंचं नाव टाकलं, मिसेस एस. गायकवाड. वर्ध्याजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मला इंग्रजीचं पहिलं अक्षर त्यांनी गिरवून दिलं होतं. वारून सहा वर्षं झाली होती त्यांना. पत्ता आमच्या ऑफिसचा दिला. 'सध्याची शाळा' या रकान्यात लिहिलं, नाही. परीक्षेची सगळी उत्तरं मला पाठ, त्यामुळे गायकवाड बाईंना साठपैकी साठ. नंतर ती नावं पुसायची राहून गेली. माझंच काम होतं ते.

मंत्रालयानं यादी काढली. टेस्ट वन, एबीसी ही नावं तिथल्या क्लार्कनं चुकीची म्हणून खोडली. गायकवाड मात्र नावासारखं नाव होतं. देशात पहिली, आणि कुठल्याही शाळेवर नाही. बारक्या बेटावरची शाळा नुकतीच रिकामी झालेली.

एक दिवस ऑफिसच्या पोस्टात जाड कागदावरचं, शिक्का मारलेलं पत्र आलं. मिसेस गायकवाड यांची नेमणूक झाली होती. आधी आम्ही तिघंही हसलो, हे मी लपवत नाही. वाघमारेचं हसू सगळ्यात आधी थांबलं. "म्हणजे बाईच्या जागी," तो म्हणाला.

मंत्रालयाला कळवायला हवं होतं. एक ईमेल लागली असती. ही बाई अस्तित्वात नाही, चूक माझी आहे, तिथे परत मिस फिलोमिनांनाच बसवा. ईमेल मी लिहिलीसुद्धा. पण त्याच आठवड्यात माझं एच-वनचं एक्स्टेन्शन फाइल होत होतं, आणि खऱ्या सिस्टिममध्ये खोटी माणसं सोडणारी टेस्टर कोण ठेवून घेणार? एक्स्टेन्शनची पावती येऊ दे, मग पाठवू, असं मी ठरवलं. देशपांडे आणि वाघमारेला सांगितलं, पाठवली. पावती यायला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत मी रोज जेवले, पाथ ट्रेननं आले-गेले, घरी आईला फोन केला, सगळं छान आहे म्हणून सांगितलं. मला स्वतःची लाज वाटते. तेव्हाही वाटत होती, आणि तरी मी गप्प बसले.

पावती आली त्याच दिवशीच्या पोस्टात एक दुसरं पाकीट होतं. मिसेस गायकवाड यांना, आमच्या ऑफिसच्या पत्त्यावर. आत वहीतून नीट कापलेली दोन पानं, तेच वळणदार अक्षर.

"प्रिय मिसेस गायकवाड,

तुम्हाला साठपैकी साठ मिळाल्याचं कळलं. अभिनंदन. मुलांना तुमच्यासारख्याच बाई हव्या होत्या.

शाळेची किल्ली दुकानात ठेवली आहे. फळ्याचा डावा कोपरा ओला राहतो, तिथे खडू उठत नाही. जोसेफला मागून दिसत नाही, पण तो सांगणार नाही, त्याला पुढे बसवा. मारी आणि तिची बहीण एकच पुस्तक वापरतात, दोघींना एकदम वाचायला सांगू नका. पाढे चौदापर्यंत झाले आहेत.

मी मुख्य बेटावर माझ्या भावाकडे जात आहे, म्हणून आपली भेट होणार नाही. तुम्ही शनिवारच्या बोटीनं याल असं मी मुलांना सांगितलं आहे. ती धुतलेले कपडे घालून धक्क्यावर येतात. मागचे दोन शनिवार आली होती. तुम्ही दिसला नाहीत म्हणून लहान मुलं जरा खट्टू झाली. मी त्यांना समजावलं आहे की बाई फार लांबून येताहेत, उशीर व्हायचाच."